वेशीवरचा माल

छत्रपती संभाजीनगरहून वेरूळकडे निघालं की दौलताबादला रस्ता दिल्ली दरवाजातून जातो. किल्ल्याच्या बाहेरच्या तटातली ही वेस हत्ती, घोडे आणि बैलगाड्यांच्या मापाची आहे. मालट्रक समोर आला की क्लिनर खाली उतरतो, दोन्ही बाजूंचे आरसे दुमडतो, पत्र्यावर थाप मारत मारत "येऊ द्या, येऊ द्या" म्हणत पुढे चालतो. ताडपत्रीची कड दगडाला घासते. मागे एसटी, जीपगाड्या, सहलीच्या बसेस अडकून पडतात आणि पेरू-सीताफळं विकणाऱ्या बाया टोपल्या घेऊन त्या रांगेत शिरतात. मी हे अनेकदा पाहिलं आहे आणि दर वेळी वाटलं आहे की मालाच्या वाहतुकीचा इतिहास लिहायचा, तर तो मैलांनी मोजण्यापेक्षा अशा थांब्यांनी मोजावा. माल कुठे थांबला, किती वेळ थांबला आणि त्या थांबण्याचे पैसे कोणी भरले, हे पाहावं.

या गावाला ते मोजमाप चांगलं लागू पडतं. 1342 च्या सुमारास इब्न बतूता दिल्लीच्या सुलतानाचा वकील म्हणून चीनला निघाला, तेव्हा तो इथून गेला. इथले हिंदू व्यापारी रत्नांचा व्यापार करतात, त्यांना 'साह' म्हणतात आणि ते इजिप्तच्या करीमी व्यापाऱ्यांसारखे आहेत, असं त्याने नोंदवून ठेवलं. हे करीमी म्हणजे तांबड्या समुद्रातून हिंदी महासागराचा व्यापार हाताळणारी मोठी पेढीवाली मंडळी. समुद्रापासून इतक्या लांबच्या डोंगरी गावातले व्यापारी पाहून त्याला थेट कैरो आठवावं, हे मला फार बोलकं वाटतं. इथल्या द्राक्षांचं आणि डाळिंबांचंही त्याने कौतुक केलं आहे. पुढे तो नंदुरबारवरून खंबायतच्या बंदराला गेला. दौलताबादच्या मालाला आखाताची वाट नवी नाही, एवढं त्यावरून कळतं.

पण मला आज मागोवा घ्यायचा आहे तो अलीकडच्या सव्वाशे वर्षांचा. कारण या काळाच्या सुरुवातीला दौलताबाद खरोखर सीमेजवळचं गाव होतं, आणि ही गोष्ट आपण पुष्कळशी विसरलो आहोत.

आज आखातातल्या शेजारी देशांमधून माल कसा जातो, असं कुणी विचारलं, तर आपल्याला ते परक्यांचं प्रकरण वाटतं. दुबईच्या जेबेल अलीला उतरलेला कंटेनर ट्रकवर चढतो, अमिरातीच्या घुवैफात नाक्यावरून सौदीच्या बत्था नाक्यावर पोचतो, तिथे कागद तपासतात, माल उघडतात, आणि मग पुढे रियाधचा रस्ता. दोन देश, दोन चलनं, दोन सरकारं. आपल्याकडे 1948 पर्यंत नेमकं हेच होतं, आणि तेही इथून रेल्वेने काही तासांच्या अंतरावर. तारूर स्टेशन निजामाचं, पुढचं नगरसूल ब्रिटिशांच्या नाशिक जिल्ह्यातलं. दक्षिणेकडे गोदावरी हीच हद्द: कायगाव निजामात, पलीकडे प्रवरासंगम अहमदनगर जिल्ह्यात. भाषा एक, सोयरीक एक, वारी एक. आणि मधे जकातीचा नाका.

निजामाच्या राज्यात या खात्याला करोडगिरी म्हणत. मराठवाड्यातल्या जुन्या माणसांच्या बोलण्यात हा शब्द परवापरवापर्यंत होता आणि तो उच्चारताना त्यांच्या कपाळावर आठी यायची. 1802 साली निजाम आणि ईस्ट इंडिया कंपनी यांच्यात व्यापारी तह झाला आणि जकातीचा दर शेकडा पाच ठरला. त्याच तहात समुद्र नसलेल्या निजामाला मच्छलीपट्टणचं बंदर वापरायची मुभा मिळाली. पाच टक्के हा आकडा लक्षात ठेवा, तो पुढे पुन्हा भेटणार आहे.

जकातीवर भागत नव्हतं. चलन वेगळं. इकडे हाली सिक्का, तिकडे कलदार. सात हाली रुपये म्हणजे सहा कलदार, असा साधारण हिशेब. औरंगाबाद-जालन्याच्या कापूस व्यापाऱ्याला मुंबईच्या दलालाकडून पैसे मिळायचे कलदारात आणि शेतकऱ्याचं देणं चुकवायचं हालीत. मधल्या बट्ट्यात सराफ आणि अडते आपापलं काढून घेत. ज्याला दोन्ही नाण्यांचा भाव रोज कळत नव्हता, तो शेतकरी त्यात मागे राहायचा.

आणि तिसरी अडचण रुळांची. 1900 च्या सुमारास हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वे मनमाडपर्यंत आली, दौलताबादला स्टेशन झालं, आणि मराठवाड्याचा कापूस बैलगाडीतून उतरून वाघिणीत चढला. पण ही रेल्वे मीटर गेजची, मुंबईची ब्रॉड गेजची. म्हणजे मनमाडला सगळा माल उतरवायचा आणि दुसऱ्या गाडीत भरायचा. लहान वाघीण एका बाजूला, मोठी दुसऱ्या बाजूला, आणि मधे हमाल. गासडीत लोखंडी आकडा रुतवायचा, ती पाठीवर घ्यायची, फलाट ओलांडायचा, आत रचायची, परत यायचं. पोती फाटायची, गळती व्हायची, वजनात तूट यायची, आणि ही तूट कुणाच्या नावावर टाकायची यावर बिल्टीच्या कागदांवर भांडणं व्हायची. गंमत नव्हे, हे जवळपास नव्वद वर्षं चाललं. सरकारी सरहद्द 1948 ला गेली, रुळांची सरहद्द 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला मनमाड-औरंगाबाद मार्ग रुंद झाला तेव्हा गेली. मराठवाड्याचा औद्योगिक अनुशेष मोजताना आपण पाणी, वीज, निधी यांची चर्चा करतो. मनमाडच्या फलाटावर पिढ्यान् पिढ्या मोजलेल्या त्या दुहेरी हमालीचा हिशेब कुणी मांडलेला माझ्या पाहण्यात नाही, आणि तो मांडायला हवा असं मला मनापासून वाटतं.

1947 नंतर करोडगिरीचा नाका लढ्याचं ठिकाण झाला. हैदराबाद मुक्तिसंग्रामात सरहद्दीवरच्या छावण्यांमधून कार्यकर्ते आत शिरत आणि करोडगिरीचे नाके जाळत. इतर सरकारी कचेऱ्या असताना नाकेच का, याचं उत्तर सरळ आहे. निजामाचं राज्य खेड्यातल्या माणसाला दिसायचं ते दोन जागी: लेव्हीचं धान्य उचलताना आणि नाक्यावर गाडी अडवली जाताना.

29 नोव्हेंबर 1947 ला भारत सरकार आणि निजाम यांच्यात जैसे थे करार झाला, पण तो काही महिन्यांतच उसवला आणि मालाची कोंडी सुरू झाली. हैदराबाद चारी बाजूंनी जमिनीने वेढलेलं. पेट्रोल, मीठ, औषधं, यंत्रांचे सुटे भाग, सगळ्यांची चणचण झाली. निजामाने या कोंडीची तक्रार संयुक्त राष्ट्रांपर्यंत नेली. गोव्याचं मुरगाव बंदर कसं मिळेल याचेही प्रयत्न झाले. सिडनी कॉटन नावाचा वैमानिक कराचीहून विमानांतून शस्त्रं आणत होता. जमिनीवरची वाट बंद झाली की माणूस आकाशातली वाट शोधतो. 13 सप्टेंबर 1948 ला भारतीय फौजा शिरल्या आणि 17 ला सगळं संपलं.

सगळं म्हणजे राज्य. नाका लगेच गेला नाही. 1950 च्या राज्यघटनेत कलम 306 होतं. त्यानुसार पूर्वीच्या संस्थानी राज्यांना केंद्राशी करार करून आपली आयात-निर्यात जकात काही काळ, जास्तीत जास्त दहा वर्षं, चालू ठेवता येत होती, कारण त्यांच्या तिजोरीचा मोठा भाग त्यावर उभा होता. हाली सिक्काही असाच रेंगाळला आणि 1959 ला कायमचा बाद झाला.

योगायोग असा की त्याच 1959 मध्ये रिझर्व्ह बँकेने आखातासाठी वेगळ्या नोटा काढल्या. तोवर कुवेत, बहरीन, कतार आणि आजच्या अमिरातीच्या किनाऱ्यावर आपलाच रुपया चाले. सोन्याच्या चोरट्या व्यापाराने परकीय चलनाला गळती लागली म्हणून रंग बदललेल्या, क्रमांकाआधी 'झेड' अक्षर असलेल्या या नोटा तिकडे दिल्या गेल्या. दौलताबादचं वेगळं नाणं सरलं त्याच वर्षी आखाताचं नाणं आपल्यापासून वेगळं झालं. 1966 ला रुपयाचं अवमूल्यन झाल्यावर उरलेल्यांनीही तो सोडला.

त्यानंतरचा आपला काळ भराभर सांगतो. शहरांची जकात, राज्यांच्या सीमेवरचे तपासणी नाके, एलबीटी म्हणजे स्थानिक संस्था कर, हे सगळं हुंडेकऱ्यांच्या पिढीने पाहिलं आहे. दौलताबादजवळ माळीवाड्याला रेल्वेच्या कंटेनर महामंडळाचा डेपो झाला. समुद्र आत आला म्हणायचा. इथे कारखान्याचा माल कंटेनरमध्ये भरायचा, शिपिंग बिल करायचं, सीमाशुल्काचं काम उरकायचं, दाराच्या दांड्याला बोटाएवढं सील ठोकायचं. ते सील बसताना एक छोटासा टक् आवाज होतो, आणि मग तो डबा न्हावा शेवापर्यंत कुणी उघडायचा नाही. मनमाडच्या त्या हमालाला हा आवाज ऐकवता आला असता, तर त्याला काय वाटलं असतं, असं माझ्या मनात येतं.

मग आलं 2017. 1 जुलैला जीएसटी लागू झाला आणि राज्याराज्यांच्या सीमेवरच्या रांगा विरल्या. त्याआधी महिनाही झाला नव्हता, 5 जूनला सौदी, अमिरात, बहरीन आणि इजिप्तने कतारशी संबंध तोडले होते आणि कतारचा जमिनीवरचा एकमेव नाका, अबू सामरा, बंद पडला होता. कतारचं दूध, भाजी, सिमेंट मोठ्या प्रमाणात त्या एका रस्त्याने यायचं. आता माल ओमानच्या सोहार आणि सलालाह बंदरांवरून वळवावा लागला, नव्या हमद बंदराला थेट जहाजं आणावी लागली. दुधासाठी विमानातून गाई आणल्या गेल्या. ती बातमी वाचताना मला कराचीहून येणारी विमानं आठवली. बंदुका आणि गाई यांत फरक आहे, पण कोंडलेल्या देशाची तगमग तीच. साडेतीन वर्षांनी, जानेवारी 2021 मध्ये, तो नाका उघडला.

आणि पाच टक्के? आखाती सहकार्य परिषदेच्या सहा देशांनी 1 जानेवारी 2003 ला सीमाशुल्क संघ सुरू केला, तेव्हा बाहेरून येणाऱ्या बहुतेक मालावर ठरलेला दर शेकडा पाचच होता. पहिल्या बंदरात एकदा शुल्क भरा, मग सहाही देशांत माल मोकळा, अशी कल्पना. कागदावर ती सुरेख आहे. प्रत्यक्षात 2009 च्या जूनमध्ये घुवैफातला ट्रकांची कित्येक किलोमीटर लांब रांग लागली होती, कारण पलीकडे चालकांच्या बोटांचे ठसे घेणं सुरू झालं होतं. वाळवंटातला जून. एसी चालवायला डिझेल जाळायचं की ते पुढच्या प्रवासाला राखायचं, हा त्या चालकापुढचा प्रश्न. त्या चालकांत आपल्या उपखंडातले पुष्कळ होते. शुल्क मालकाने भरलं होतं, वेळ त्यांनी भरला. 2021 मध्ये सौदीने मुक्त व्यापार क्षेत्रात बनलेल्या मालाची शेजारी देशांना मिळणारी सवलत काढून घेतली, म्हणजे नाक्यावर मालासोबत त्याची जन्मकुंडलीही दाखवायची आली.

निजामाच्या नाक्यापासून बत्थापर्यंत मला एक गोष्ट सारखी दिसते. दर कमीच असतो. पाच टक्क्यांनी कुणी बुडत नाही. माणूस बुडतो तो डेमरेजने, नासलेल्या फळाने, चुकलेल्या जहाजाने, आणि ज्याच्याकडे वाट पाहायला भांडवल नाही तो आधी बुडतो. मराठवाड्याचा डाळिंबवाला आणि केशर आंबेवाला आज आखाताकडे पाहतो तेव्हा त्याने भावाआधी रांगेची चौकशी करावी.

सोहार आणि अबुधाबीला जोडणाऱ्या हाफीत रेल्वेचं काम आता चालू आहे, सुमारे 238 किलोमीटर. सहाही देशांना जोडायच्या आखाती रेल्वेचे रूळ एकाच मापाचे ठरले आहेत. म्हणजे तिथे मनमाड होणार नाही. ओमानला जहाजातून उतरलेला डबा अल ऐनची हद्द ओलांडताना कुणाच्या पाठीवर चढणार नाही. सीलचा नंबर कागदाशी जुळला, तर गाडी पुढे निघेल.