स्टायलस घेताना आधी टॅबलेटकडे बघा

नोट्ससाठी स्वस्त स्टायलस शोधणारे विद्यार्थी आधी किंमत बघतात, मग प्रेशर लेव्हलचा आकडा. माझ्या मते या दोन्ही नंतरच्या गोष्टी. पहिला प्रश्न असा, की लिहिताना हात काचेवर टेकवता येतो का? साध्या रबरी टोकाच्या पेनला टॅबलेट बोटच समजतो, त्यामुळे तळहात टेकला की नको तिथे रेघोट्या उमटतात. शिवाय त्या जाड टोकाखाली अनुस्वार नेमका कुठे पडतोय तेही दिसत नाही (मराठीत ही अडचण छोटी नव्हे!). २०१८पासूनच्या बहुतेक आयपॅडवर मात्र इतर कंपन्यांची चार्जिंगवाली पेनंही चालतात आणि टेकलेला तळहात आड येत नाही. सॅमसंगच्या एस पेनचं तंत्र निराळं. त्याला लिहायला बॅटरीच लागत नाही, ऊर्जा पडद्याखालच्या थरातून मिळते. गॅलेक्सी टॅब एस६ लाइटसोबत तर ते खोक्यातच येतं. तंत्रच वेगळं, म्हणून आयपॅडचं पेन या टॅबवर चालत नाही आणि याचं आयपॅडवर.

‘पण दाबानुसार रेघ जाड-बारीक व्हायला नको का?’ चित्रं काढणाऱ्याला हवीच. गणितं सोडवणाऱ्याचं तिच्यावाचून काही अडत नाही. २०२३ मध्ये अ‍ॅपलने आणलेल्या यूएसबी-सी पेन्सिलमध्येही ही सोय नाही. स्वस्त पेनची रेघ मागून येते, हा आक्षेप मात्र अर्धाच खरा, कारण ते टॅबलेट आणि अ‍ॅपवरही अवलंबून असतं. टोकं झिजतात, तेव्हा सुटी टोकं मिळतात का, तेवढं विचारून घ्या.