कुठले कुलकर्णी?

लग्नपत्रिकेत वधू कुलकर्णी आणि वरही कुलकर्णी असला, तरी महाराष्ट्रात कुणी दचकत नाही. फार तर एखादी मावशी हळूच विचारते, "गोत्र वेगळं आहे ना?" गोत्र वेगळे असते. एक घर वसिष्ठगोत्री, दुसरे काश्यप. एकाची कुलदेवता तुळजापूरची भवानी, दुसऱ्याची कोल्हापूरची अंबाबाई. दोन्ही घरांत सारखे काय, तर तेवढे आडनाव, कारण ते रक्तावरून पडलेलेच नाही, कामावरून पडले आहे. म्हणून दोन अनोळखी कुलकर्णी एका डब्यात शेजारी बसले, की पहिला प्रश्न ठरलेला: "कुठले कुलकर्णी?" त्याचे उत्तर गावाच्या नावाने द्यायचे असते.

हे काम होते गावच्या दप्तराचे. गावगाड्यात पाटील मुख्य आणि कुलकर्णी त्याच्या जोडीचा लिहिणारा. कोणत्या शेताचा धनी कोण, सारा किती ठरला, वसूल किती झाला, बाकी कुणाकडे राहिली, हे सगळे तो बोरूने मोडीत लिहून ठेवी. त्याच्या मोबदल्यात इनाम जमीन आणि रयतेकडून धान्याचे हक्क मिळत. या वतनाला 'कुलकर्ण' म्हणत. ते वंशपरंपरेने चाले, भाऊबंदांत त्याच्या तक्षिमा पडत आणि कामाची पाळी दरसाल फिरत राही. पुष्कळ गावांत जोशीपण आणि कुलकर्ण एकाच घरात असे. वतन गहाण पडे, विकलेही जाई. मग विकत घेणारा त्या गावचा कुलकर्णी होई. एका आडनावाखाली इतकी नात्यागोत्याबाहेरची घरे का आली, याचे अर्धे उत्तर या व्यवहारात आहे.

जुना महजर, म्हणजे गावाने दिलेल्या निवाड्याचा कागद, पाहिला की ही व्यवस्था डोळ्यांपुढे उभी राहते. पाटलाच्या नावाशी नांगराची निशाणी काढलेली असते. सुताराची, चांभाराची, न्हाव्याची निशाणी ज्याच्या त्याच्या हत्याराची. कुलकर्ण्याची वेगळी खूण शोधावी लागत नाही. अख्खा कागद त्याच्याच अक्षरात असतो आणि शेवटी 'दस्तुर' म्हणून त्याचे नाव येते. गावाला जे काही सांगायचे होते, ते शेकडो वर्षे या एका हाताने कागदावर उतरवले. गावाने काय म्हटले आणि कागदावर काय आले, यांत अंतर पडायला जागा होती, ती इथेच.

शब्दाचा उत्तरार्ध सोपा आहे. 'करण' म्हणजे लेखनाचे, हिशेबाचे काम आणि ते करणारा 'करणिक'. तेलुगू मुलखातला गावचा हिशेबनीस 'करणम' किंवा 'कर्णम' हा याच शब्दाचा भाऊ. सिडनी ऑलिंपिकमध्ये 2000 साली कांस्यपदक जिंकणाऱ्या भारोत्तोलक कर्णम मल्लेश्वरी यांच्या नावात तो आपण सगळ्यांनी ऐकला आहे. वाद आहे तो पूर्वार्धाचा. 'कुल' म्हणजे घराणे, म्हणून कुलकर्णी हा कुळांच्या वंशावळी राखणारा, असे काही जण सांगतात. ऐकायला ते बरे वाटते. मला मात्र पटत नाही. वंशावळी राखणे हे तीर्थक्षेत्रीच्या पंड्यांचे काम. 'कुल' हे जमिनीचे मापही होते: मनुस्मृतीच्या सातव्या अध्यायात दहा गावांच्या अधिकाऱ्याला एक 'कुल' जमीन द्यायला सांगितली आहे. मराठीत तर 'कुळ' म्हणजे जमीन कसणारा, सारा भरणारा माणूस, आणि 'कुळवार' हिशेब म्हणजे एकेका खातेदाराचा हिशेब. कुलकर्ण्याचे रोजचे काम नेमके हेच होते. काही घरे आजही आग्रहाने 'कुळकर्णी' लिहितात. त्यांचा हा 'ळ' मला अर्थाच्या जास्त जवळचा वाटतो.

कृ. पां. कुलकर्णी यांनी 1946 साली 'मराठी व्युत्पत्तिकोश' प्रसिद्ध केला. मराठी शब्दांची मुळे एका ग्रंथात मांडण्याचे एवढे मोठे काम कुलकर्णी नावाच्याच माणसाच्या हातून झाले, याचे मला फार अप्रूप आहे.

दप्तर लिहिण्याचे हेच काम प्रदेश बदलला की दुसरे नाव घेई. परगण्याच्या पातळीवर देशपांडे, त्यालाच देशकुलकर्णी म्हणत. वऱ्हाड-मराठवाड्यात पटवारी. किनारी कर्नाटकात शानभाग. यांतल्या प्रत्येकाचे पुढे आडनाव झाले. गोव्याच्या गावकारीतही हिशेब लिहिणारा कुळकर्णी होताच. धारवाड, विजापूर, बेळगावकडे घरात कन्नड बोलणारे असंख्य कुलकर्णी आहेत. लेखिका सुधा मूर्ती माहेरच्या कुलकर्णी, जन्म शिग्गावचा. जी. ए. कुलकर्णी धारवाडला इंग्रजी शिकवत आणि मराठीत कथा लिहीत. या आडनावाला आजची राज्यसीमा लागू पडत नाही. ते तिच्याहून पुष्कळ जुने आहे.

किती जुने, हे संतचरित्रांत दिसते. ज्ञानेश्वरांच्या घराण्याकडे पैठणजवळच्या आपेगावचे कुलकर्ण होते, असे परंपरा सांगते. सतराव्या शतकातल्या संत बहिणाबाईंचे वडील आऊजी कुलकर्णी. रामदासांचे वडील सूर्याजीपंत जांबचे कुलकर्णी, पण घराण्याचे उपनाव ठोसर. हे शेवटचे उदाहरण मोलाचे आहे. उपनाव एक आणि हुद्दा दुसरा, अशी दुहेरी ओळख कित्येक घरांत होती. पुढे शाळेचा दाखला, कचेरीतला अर्ज, कोर्टाचा कागद अशा सगळ्या ठिकाणी एकच पक्के आडनाव लागू लागले, तेव्हा बहुतेकांनी हुद्दा लिहिला. जुने उपनाव मागे पडले आणि दोन-तीन पिढ्यांत विसरलेही गेले.

या आडनावाला एक काळी बाजू आहे आणि तिच्यावर पांघरूण घालणे मला अप्रामाणिकपणाचे वाटते. गावात लिहिता-वाचता येणारे एकच घर असेल, तर सगळे गाव त्याच्या शाईवर अवलंबून राहते. बाकी चढवली की उतरवली, जमीन कुणाच्या नावावर टाकली, हे शेतकऱ्याला वाचता येत नव्हते. मराठीत 'कलमकसाई' हा शब्द उगीच घडलेला नाही. जोतीराव फुल्यांनी 1883 साली 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला, त्यात भटकुलकर्ण्यांवरचा राग पानोपानी आहे. आपल्याच नावाचा उल्लेख तिथे वाचताना कुलकर्ण्यांना लागत असेल. लागू द्यावे. कुलकर्णी देशस्थ ब्राह्मणांत सर्वांत जास्त असले, तरी ते प्रभूंत आहेत, लिंगायतांत आहेत, जैनांतही आहेत. पण लेखणी एकाच घरात कोंडलेली होती, ही तक्रार त्याने खोटी ठरत नाही.

कोल्हापूरच्या राजर्षी शाहू महाराजांनी 1918 साली आपल्या संस्थानातली कुलकर्णी वतने रद्द केली आणि पगारी तलाठी नेमले. केवढे वादळ उठले! पण महाराज हटले नाहीत. वंशपरंपरेचा हुद्दा जाऊन तिथे नोकरी आली, आणि त्या नोकरीची वाट इतर जातींच्या मुलांना मोकळी झाली. मुंबई राज्याने 1950 साली परगणा व कुलकर्णी वतने रद्द करणारा कायदा केला आणि 1 मे 1951 पासून ती संपली. आज सातबाऱ्याचे काम पगारी सरकारी नोकर पाहतो. तो कोणत्याही आडनावाचा असू शकतो, आणि तसेच असायला हवे.

हुद्दा गेला, आडनाव मात्र वाढतच राहिले. आजच्या महाराष्ट्रात 40 हजारांहून अधिक गावे आहेत. जुन्या काळी देशावर बहुतेक गावाला कुलकर्णी होता, आणि एकेका वतनातून भावाभावांच्या शाखा फुटत गेल्या. शिवाय वतन हातचे जाऊ लागले तसे हे लोक मास्तर झाले, कारकून झाले, पुण्या-मुंबईला आले, तिथून परदेशी गेले. लिहिता-वाचता येणे हेच त्यांचे भांडवल होते. मराठी चित्रपटात सोनाली कुलकर्णी नावाच्या दोन अभिनेत्री एकाच वेळी आहेत आणि प्रेक्षकाला त्यात नवल वाटत नाही.

माझे सगळे लक्ष आता जुन्या कुलकर्णी घरांत उरलेल्या कागदांकडे आहे. इतिहासाचार्य राजवाडे अशाच जुन्या घरांचे उंबरे झिजवत दप्तरे गोळा करीत हिंडले. वाईला मिळालेल्या कागदांतून त्यांनी 1898 साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड काढला. पण त्यांच्या हाती लागले नाही असे खूप आहे. माळ्यावरच्या ट्रंकेत, देवघराच्या फडताळात, लाल रुमालात बांधलेली मोडी बाडे अजून पडून आहेत. त्यांत फक्त कुलकर्ण्यांचा इतिहास नाही. त्या गावचे कुणबी, महार, तेली, कोष्टी यांच्या पणजोबा-खापरपणजोबांची नावे बहुधा तेवढ्याच एका जागी लिहिलेली असतात.

तेव्हा या दिवाळीत घर आवरताना असे बाड सापडले, तर वाचता येत नाही म्हणून रद्दीत घालू नका. पुण्याचे भारत इतिहास संशोधक मंडळ 1910 पासून हेच जपण्यासाठी आहे. मोडी वाचणारी तरुण मुलेही आता गावोगाव भेटतात, त्यांना ते दाखवा. आणि घरात ऐंशीच्या पुढचे कुणी असेल, तर फराळाचे ताट पुढे ठेवून एवढे विचारून घ्या: आपले मूळ उपनाव काय, आणि आपण कुठले कुलकर्णी? जे सांगतील ते तारीख घालून वहीत उतरवून ठेवा.