दरसाल डीएपी टाकूनही कार्डावर स्फुरद 'कमी' का येतो?

नांदगाव पेठ : खरीप तोंडावर आला की कृषी केंद्रासमोर डीएपीसाठी रांगा लागतात. पण ज्याच्या वावरात दरसाल पोतं पडते, त्याच्याही मृद आरोग्य पत्रिकेवर 'उपलब्ध स्फुरद' समोर बरेचदा 'कमी' असाच शेरा दिसतो. मग १३५० रुपयाचं पोतं गेलं कुठं?

ते वावरातच आहे. युरियातलं नत्र पाण्यासोबत खाली जाते, हवेतही उडते. स्फुरदाचं तसं नाही. तो पडला तिथंच बसतो, फार तर काही मिलिमीटर सरकतो. पहिल्या हंगामात पिकाला त्यातला साधारण पाचवा हिस्सा मिळाला तरी खूप झालं. बाकीचा माती धरून ठेवते.

आपल्या भागातली काळी जमीन चुनखडीची. चुनखडी म्हणजे कॅल्शियम. खताचा दाणा ओलाव्यात विरघळला की त्यातला स्फुरद या कॅल्शियमला चिकटतो आणि हळूहळू असा घट्ट होतो की मुळीला ओढता येत नाही. सामू ६ ते ७.५ च्या दरम्यान असला तर स्फुरद पिकाला चांगला मिळतो. आपल्याकडं सामू ८ च्या आसपास सहज निघतो, पूर्णा खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात तर ८.५ च्याही वर जातो. कोकणातल्या तांबड्या आंबट मातीतही स्फुरद अडकतोच, पण तिथं धरणारे लोह आणि ॲल्युमिनियम. म्हणून तिकडचा चुना टाकायचा उपाय आपल्या कामाचा नाही. आपल्याकडं चुना आधीच जास्त आहे.

वावरात चुनखडी आहे की नाही हे घरीच पाहता येते. वाळलेल्या मातीच्या ढेकळावर लिंबाचा रस नाहीतर व्हिनेगर टाका. बुडबुडे आले तर आहे.

आता खरा मुद्दा. अशा जमिनीत पोती वाढवण्यापेक्षा खत कुठं पडते, याला जास्त महत्त्व आहे. फेकून दिलेला डीएपी वरच्या मातीत पसरतो, चहूकडून चुनखडीला भिडतो आणि मुळीपर्यंत पोचतच नाही. तेच खत पेरणीच्या वेळी बियाण्याच्या दोन इंच खाली, थोडं बाजूला पडलं तर कोवळ्या मुळीला तिथंच सापडते. बियाण्याला मात्र चिकटू देऊ नका, चुनखडीच्या जमिनीत डीएपीतून अमोनिया निघतो आणि उगवण मार खाते. खताची अन् बियाण्याची वेगळी नळी असलेलं पेरणी यंत्र याचसाठी. पावसाचा खंड पडला तरी स्फुरद मिळत नाही, कारण ओलावा नसला तर तो मुळीकडं सरकूच शकत नाही.

डीएपी मिळालाच नाही तर? एका पोत्यात २३ किलो स्फुरद आणि ९ किलो नत्र असते. सिंगल सुपर फॉस्फेटच्या तीन पोत्यांत २४ किलो स्फुरद येतो, वरून गंधक, जे सोयाबीनला लागतेच. नत्रासाठी २० किलो युरिया जोडला की हिशेब बसला. पोती जास्त वाहावी लागतात, एवढंच. सुपर फॉस्फेट कुजलेल्या शेणखतात मिसळून सरीत टाकलं तर चुनखडीशी गाठ कमी पडते, शिवाय शेणखत कुजताना निघणारी आम्लं अडकलेला स्फुरदही थोडाफार सोडवतात. हरभऱ्याच्या पानावरची आंब सर्वांना माहीत आहे, त्याच्या मुळ्याही तसंच आम्ल सोडतात.

स्फुरद विरघळवणारे जिवाणू, म्हणजे पीएसबी, १० किलो बियाण्याला २५० ग्रॅम लावतात. बुरशीनाशक आधी, पीएसबी शेवटी, अन् बियाणं सावलीत सुकवून. पण पीएसबी म्हणजे जादू नव्हे. जमिनीत सेंद्रिय कर्ब नसेल तर बिचारे जिवाणू जगणार कशावर?

कार्डावर स्फुरद 'जास्त' आला असेल तर यंदा हात आखडता घ्यायला हरकत नाही. जास्तीच्या स्फुरदानं जस्त अडते, आणि आपल्या जमिनीत जस्ताची आधीच वानवा.

नमुना देताना बांध, उकिरडा, झाडाखालची जागा सोडा. खत टाकायच्या आधी, आठ-दहा ठिकाणी इंग्रजी व्ही आकाराचा वीतभर खड्डा करून कडेची माती घ्या, एकत्र करा आणि त्यातली अर्धा किलो पिशवीत भरा. खताच्या रिकाम्या पोत्यावर माती वाळवू नका, अहवाल चुकेल.