मुक्त ज्ञानाची दप्तरे : लेखांक पाचवा – सुप्याच्या दंग्याचा माग

महाजालावर विनामूल्य खुल्या असलेल्या ग्रंथसंग्रहांची नामावळी गेल्या लेखांकात दिली होती. ती हाताशी धरून ज्यांनी एकेक संग्रह उघडून पाहिला असेल, त्यांच्या एव्हाना ध्यानी आले असेल की तेथे मजकुराला तोटा नाही, परंतु त्या मजकुराची भरवशाची फेरिस्त मात्र क्वचितच सापडते. जुन्या दप्तरखान्यात कागद रुमालांत बांधलेले असत आणि कोणत्या रुमालात काय आहे हे जाणणारा कारकून तेथे हजर असे. महाजालावर रुमाल उदंड आहेत, कारकून गैरहजर आहे, आणि त्याच्या पश्चात त्याचे सारे काम विद्यार्थ्याच्या अंगावर पडले आहे. हे काम कसे चालते ते एका प्रकरणावरून पाहू. इतिहासाच्या पदव्युत्तर विद्यार्थ्याला प्रबंधिकेसाठी सहज मिळू शकेल असा एक विषय, १८७५ सालचा दख्खनचा दंगा, घेऊन तो खिशाला तोशीस न लावता कुठवर नेता येतो आणि कुठे अडतो, याचा हा आढावा आहे.

प्रकरण थोडक्यात असे. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे या बाजारपेठेच्या गावी आसपासच्या खेड्यांतील रयत गोळा झाली, तिने मारवाडी व गुजराती सावकारांच्या दुकानांवर चाल केली आणि त्यांच्याजवळील वह्या व कर्जखते हिसकावून जाळली. पाहता पाहता हे लोण अहमदनगर जिल्ह्यात पोहोचले. सरकारने चौकशीसाठी आयोग नेमला, आयोगाने अहवाल दिला आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांना कर्जाच्या बाबतीत संरक्षण देणारा कायदा झाला. कोणत्याही पाठ्यपुस्तकात एवढे सापडते. एनसीईआरटीच्या बारावीच्या पुस्तकात तर आयोगाच्या अहवालातील उतारे देऊन सरकारी कागद कसा वाचावा याचीही चर्चा केलेली आहे, आणि ते पुस्तक फुकट उतरवून घेता येते; पदव्युत्तर विद्यार्थ्यांना शालेय पुस्तक उघडण्यात कमीपणा वाटतो, तो त्यांनी येथे तरी गिळावा.

खरी अडचण सुरू होते ती शोधाच्या चौकटीत पहिला शब्द लिहिताना. मराठीत ‘सुपे’ असे टंकून शोध घेतला तर एकोणिसाव्या शतकातील इंग्रजी कागदांपैकी बहुधा एकही पुढे येणार नाही, कारण त्या कागदांत हे गाव ‘सुपा’ आहे, पुणे ‘पूना’ आहे, सोलापूर ‘शोलापूर’ आहे, आणि सावकार तर लिहिणाऱ्याच्या मर्जीप्रमाणे कधी ‘सौकार’, कधी ‘साहुकार’, कधी ‘सावकार’ असा तीन-चार वेशांत हिंडतो. मराठीतील ‘ड’ इंग्रज अंमलदाराच्या कानाला कधी ‘ड’ तर कधी ‘र’ ऐकू येई, त्यामुळे भीमथडी तालुका शोधतानाही दोन्ही अक्षरे पालटून पाहावी लागतात. शिवाय सुपे एक नाही. दंगा जेथे सुरू झाला ते सुपे आज बारामती तालुक्यात येते. दुसरे सुपे पारनेर तालुक्यात, अहमदनगरच्या बाजूला आहे, आणि दंग्याची झळ पारनेरकडेही लागलेली असल्यामुळे घाईने वाचणाऱ्या विद्यार्थ्याच्या टिपणांत दोन्ही गावांची सरमिसळ होऊन जाण्याचा संभव फार मोठा. यंत्राला हा भेद कळत नाही. तो कळायला जुना तालुका-नकाशा शेजारी उघडून बसावे लागते.

म्हणून शोधाला बसण्यापूर्वी कागदाच्या एका तावावर प्रत्येक गाव, तालुका, व्यक्ती आणि विषय यांची जितकी रूपे संभवतात तितकी लिहून काढावीत, हा माझा पहिला आग्रह आहे. एकेका रूपासाठी शोध घ्यावा आणि ज्या रूपाने काही हाती लागले त्यासमोर खूण करावी. हे काम कंटाळवाणे आहे यात शंका नाही, पण ते न करता ‘या विषयावर काहीच उपलब्ध नाही’ असे मार्गदर्शकांना सांगणाऱ्या विद्यार्थ्यांची संख्या पाहता त्याची आठवण करून देणे भाग आहे.

आता मूळ साधने. जेम्स कॅम्पबेल यांच्या देखरेखीखाली तयार झालेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा अठरावा खंड पुणे जिल्ह्याचा असून तो १८८५ साली तीन भागांत निघाला. अहमदनगरचा सतरावा खंड त्याआधी एक वर्ष प्रसिद्ध झाला. हे खंड इंटरनेट आर्काइव्हवर छायाप्रतींच्या रूपाने वाचता येतात, आणि राज्य शासनाच्या दर्शनिका विभागानेही जुनी गॅझेटिअरे खुली केलेली आहेत. दोहोंपैकी कोणती प्रत वापरावी? वाचनासाठी कोणतीही चालेल, परंतु दाखला देण्यासाठी मूळ पानाची छायाप्रत हवी, कारण नव्याने टंकित केलेल्या मजकुरात मूळ पृष्ठांक राहतातच असे नाही, आणि पृष्ठांकावाचून दिलेला दाखला परीक्षकाच्या हाती दिलेल्या बिनपत्त्याच्या पाकिटासारखा असतो.

छायाप्रतींच्या बाबतीत एक गफलत इतकी सर्रास होते की तिच्यासाठी वेगळा परिच्छेद खर्चावा लागतो. भारतात ‘डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया’ या प्रकल्पाखाली लक्षावधी ग्रंथांची छायाचित्रे घेतली गेली आणि पुढे त्यांतील फार मोठा साठा इंटरनेट आर्काइव्हवर येऊन स्थिरावला. या ग्रंथांच्या ओळख-क्रमांकात ‘२०१५’ हा आकडा येतो. त्या आकड्याचा ग्रंथाच्या प्रकाशनवर्षाशी तिळमात्र संबंध नाही, तरीही संदर्भसूचीत एकोणिसाव्या शतकातला ग्रंथ २०१५ साली प्रकाशित झाल्याची नोंद करणारे महाभाग आढळतात. याच साठ्यात ग्रंथनामे रोमन लिपीत वेडीवाकडी लिहिलेली, लेखकाचे नाव गाळलेले, दोन खंडांचे मथळे एकमेकांत बदललेले, मधलीच चार पाने नसलेली, अशी प्रकरणे भरपूर सापडतात. उपाय एकच: संकेतस्थळावरील नोंदीवर भिस्त न ठेवता प्रतीची पहिली दहा पाने उघडावीत, मुखपृष्ठ, आवृत्ती, मुद्रणालय आणि साल तेथून उतरवून घ्यावे, आणि पृष्ठांक सलग आहेत की नाहीत हे एकदा चाळून पाहावे. आयोगाच्या अहवालाच्या बाबतीत तर ही शहानिशा अधिकच अगत्याची आहे, कारण तो मुंबईत १८७६ साली छापला गेला आणि १८७८ साली ब्रिटिश पार्लमेंटपुढे मांडला गेला. आपल्यासमोर कोणती छपाई आहे ते न सांगता दिलेल्या पृष्ठांकाचा काही उपयोग नाही.

मराठी ग्रंथांच्या छायाप्रतींत आणखी एक पेच आहे. छापील पानाचे शोधण्याजोग्या मजकुरात रूपांतर करणारी जी ओसीआरची यंत्रणा आहे, ती इंग्रजी पानांवर बऱ्यापैकी चालते, परंतु शंभर वर्षांपूर्वीचे खिळे, जोडाक्षरांच्या जुन्या घडणी, पुसट शाई आणि पानाआडून उमटलेली मागची ओळ यांपुढे ती हतबल होते; आणि मोडी कागदांच्या बाबतीत तिच्यावर विसंबणेच नको. जुन्या मराठी ग्रंथात यंत्राने शब्द शोधला आणि तो सापडला नाही, तर तो शब्द तेथे नाही असा निष्कर्ष काढण्याचा अधिकार आपल्याला पोहोचत नाही. अनुक्रमणिका वाचावी आणि पाने उलटावीत. दुसरा मार्ग नाही. अशा वाचनात जुन्या संज्ञेपाशी अडल्यास शिकागो विद्यापीठाने मोल्सवर्थचा कोश आणि दात्यांचा महाराष्ट्र शब्दकोश असे दोन्ही शोधसुलभ करून ठेवले आहेत. जमाबंदीच्या आणि देवघेवीच्या परिभाषेसाठी मला मोल्सवर्थ अधिक उपयोगी वाटतो.

साधने हाती आली म्हणजे ती मोजण्याचा मोह होतो. आयोगाचा अहवाल एक, पुण्याचे गॅझेटिअर दोन, नगरचे गॅझेटिअर तीन. तिघांची साक्ष जुळली, मुद्दा सिद्ध झाला! परंतु गॅझेटिअरच्या तळटिपा वाचल्या तर दंग्याची त्यातील हकीकत बरीचशी आयोगाच्या अहवालावरूनच घेतलेली आहे हे उघड होते, आणि मग जी साक्ष तिघांची वाटत होती ती वस्तुतः एकाचीच ठरते. त्या एकाला तटस्थ मानावे अशीही परिस्थिती नाही. सरकारी सारा वाढल्यामुळे रयत उठली काय, हा प्रश्न आयोगापुढे होता आणि आयोगाने दोष साऱ्याकडे न ठेवता सावकाराकडे ठेवला. ज्या सरकारने सारा वाढविला त्यानेच नेमलेल्या आयोगाचा हा निर्णय आहे, एवढे स्मरणात ठेवून तो वाचला पाहिजे. सावकार, कारकून आणि सरकार यांच्या तिहेरी कचाट्यात सापडलेल्या कुणब्याची बाजू फुल्यांनी १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात मांडली, आणि फुल्यांचे समग्र वाङ्मय प्रकाशित करणाऱ्या साहित्य आणि संस्कृती मंडळाने आपली कित्येक पुस्तके विनामूल्य खुली केली असल्यामुळे अहवालाशेजारी असूड ठेवून वाचणे आज कोणालाही शक्य आहे.

आधुनिक संशोधनाकडे वळताना गूगल स्कॉलरचा उपयोग बहुतेक विद्यार्थी अर्धाच करतात. नाव टंकून जे पहिल्या पानावर येईल ते घेतले की त्यांचे काम संपते. वास्तविक या साधनाचे मर्म शीर्षकाखालच्या बारीक ओळीत आहे: या लेखाचा हवाला पुढे कोणी दिला, आणि याच्या आणखी प्रती कोठे आहेत, या दोन कळा तेथे असतात. रविंदर कुमार यांनी १९६५ साली ‘जर्नल ऑफ एशियन स्टडीज’मध्ये या दंग्यावर लेख लिहिला. त्याच्याखालची पहिली कळ दाबून पुढे पुढे जात राहिले तर नील चार्ल्सवर्थ यांच्या १९७२ सालच्या ‘मॉडर्न एशियन स्टडीज’मधील लेखाशी आपण येऊन पोहोचतो, आणि तो लेख म्हणतो की या दंग्याचे महत्त्व इतिहासकारांनी वाजवीपेक्षा फुगविले आहे, किंबहुना त्याची एक दंतकथाच झाली आहे. आपला विषय ज्या पायावर उभा आहे तोच कोणीतरी उकरून ठेवला आहे, हे प्रबंधिकेच्या पहिल्या महिन्यात समजणे आणि तोंडी परीक्षेच्या दिवशी समजणे यांत जे अंतर आहे ते वाचकांना सांगायला नको.

दुसऱ्या कळेने लेखाची एखादी मुक्त प्रत मिळते. न मिळाल्यास ‘अनपेवॉल’ हे विनामूल्य जोडसाधन न्याहाळकात बसवून घ्यावे, ते वैध मुक्त प्रत असल्यास आपण होऊन दाखविते. जेस्टोरवर नुसते खाते उघडले तरी तीस दिवसांत शंभरपर्यंत लेख पडद्यावर वाचता येतात. शासकीय संस्थांतील विद्यार्थ्यांसाठी २०२५ पासून केंद्र सरकारची ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजना सुरू झाली असून तीस प्रकाशकांची सुमारे तेरा हजार नियतकालिके तिच्यात येतात. मात्र विनाअनुदानित खासगी महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलामुलींना तिचा लाभ नाही, आणि महाराष्ट्रात त्यांची संख्या काय आहे हे ज्याला ठाऊक आहे त्याला हा भेद खटकल्यावाचून राहणार नाही.

शोधगंगेविषयी मी जरा विस्ताराने लिहिणार होतो, परंतु तिला पुढे स्वतंत्र लेखांक द्यावा लागेल. तूर्त एवढेच की गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राने चालविलेल्या या भांडारात प्रबंधाचे प्रत्येक प्रकरण वेगळ्या फाइलीत ठेवलेले असते, आणि अनुभवी वाचक पहिले प्रकरण न उघडता शेवटची संदर्भसूचीची फाइल आधी उघडतो. प्रबंध मध्यम असला तरी त्याची सूची कष्टाने केलेली असू शकते.

प्रश्न विचारताच उत्तर लिहून देणाऱ्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांबद्दल वाचकांची पत्रे येत आहेत. या साधनांकडून शब्दांची पर्यायी रूपे काढून घ्यावीत, अवघड इंग्रजी परिच्छेद समजावून घ्यावा. परंतु ती संदर्भ मागितला असता अस्तित्वात नसलेला लेख, खऱ्या लेखकाच्या नावासह, पृष्ठांकासकट रचून देतात, तेव्हा तेथून आलेला कोणताही हवाला स्वतः डोळ्यांनी पाहिल्याखेरीज टिपणवहीत उतरवू नये.

टिपणवही म्हणजे येथे ‘झोटेरो’. अमेरिकेतील जॉर्ज मेसन विद्यापीठात २००६ साली जन्मलेली ही विनामूल्य आज्ञावली संदर्भांची बारनिशी ठेवते. तिच्यात प्रत्येक नोंदीसोबत चार गोष्टी स्वतःच्या हाताने भराव्यात: प्रत कोणत्या संग्रहातून घेतली, तिचा ओळख-क्रमांक काय, ती कोणत्या तारखेस पाहिली आणि तिच्यात कोणती पाने नाहीत. सरकारी संकेतस्थळांचे पत्ते तर वरचेवर बदलतात, म्हणून असे पान वापरताना त्याची नक्कल ‘वेबॅक मशीन’मध्ये तत्क्षणी जतन करवून तो दुसरा पत्ताही नोंदवावा.

हक्कांचा प्रश्न यातच येतो. आपल्या कायद्यानुसार लेखकाच्या निधनाच्या पुढील वर्षारंभापासून साठ वर्षे त्याच्या ग्रंथावर स्वामित्व चालते. रियासतकार सरदेसाई १९५९ साली निवर्तले, त्यामुळे त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेले त्यांचे लेखन २०२० पासून मुक्त आहे; महामहोपाध्याय काणे १९७२ साली गेले, आणि त्यांच्या ग्रंथांना २०३३ उजाडावे लागेल. छायाप्रत महाजालावर दिसते म्हणून ती मुक्त झाली असे होत नाही. अभ्यासासाठी वाचणे व मर्यादेत उद्धृत करणे वेगळे, आणि अख्खा ग्रंथ मित्रमंडळींत वाटणे वेगळे.

एवढे सारे करूनही आपल्या प्रबंधिकेत जळालेल्या खतांच्या पलीकडची रयत दिसणार नाही. जिल्हाधिकाऱ्यांचा पत्रव्यवहार, पोलिसांचे कच्चे अहवाल, पकडलेल्यांचे जबाब असे जे कागद अहवालात सारांशरूपाने आले किंवा आलेच नाहीत, त्यांसाठी पुराभिलेख संचालनालयाच्या मुंबईच्या कार्यालयात जावे लागते. मात्र तेथे ‘मला दंग्याची माहिती हवी’ असे म्हणून भागत नाही. खाते कोणते, साल कोणते, खंड कितवा, हे मागणीपत्रात लिहावे लागते, आणि ते क्रमांक आयोगाच्या अहवालाच्या परिशिष्टांत व चार्ल्सवर्थ आणि कुमार यांच्या तळटिपांत, घरबसल्या, फुकट मिळतात. ते मागणीपत्र कसे भरावे ते पुढील लेखांकात.