जाड कादंबरीला सोबती हवाच
भालचंद्र नेमाडे यांच्या २०१० सालच्या ‘हिंदू : जगण्याची समृद्ध अडगळ’मध्ये पुरातत्त्वाचा अभ्यासक खंडेराव मोहेंजोदडोपासून खानदेशातल्या आपल्या गावापर्यंत काळाचे थर उकरतो. गोंदियाला लागून असलेल्या, पण हिंदीतून शिकणाऱ्या बालाघाटच्या मराठी वाचकाला इथे नातेसंबंधांचा तक्ता, खानदेशी शब्दांचे अर्थ आणि इतिहासाचे संदर्भ देणारी वाचनपुस्तिका हाताशी हवी.

कुबड्या घेऊन वाचणं हे वाचनच नव्हे, असा आक्षेप येईल. पण गीतेच्या ७०० श्लोकांवर सुमारे ९,००० ओव्यांची ज्ञानेश्वरी हीसुद्धा सोबतच होती, आणि पुढे तिलाही सार्थ आवृत्त्या लागल्या. त्यामुळे गीता झाकोळली नाही, उलट मराठी घरांत पोचली. मात्र सोबत्याने अर्थाचा निकाल देऊ नये. त्याने संदर्भ पुरवावेत, मतभेद मांडावेत आणि वाचकाला पुन्हा मूळ पानाकडे धाडावं.