शिसं, समुद्र आणि १२ व्होल्ट

कोकणच्या किनाऱ्यावर लागलेल्या एखाद्या लहान फायबर होडीत डोकावून पाहा. जाळ्याच्या ढिगाआड, तेलाच्या कॅनशेजारी एक काळी पेटी दिसेल. इंजिनाचा सेल्फ, जीपीएस, मासळीचा माग काढणारा फिश-फाइंडर, व्हीएचएफ सेट, रात्रीचे दिवे, सगळे हिच्याच जिवावर. नवी घ्यायची वेळ आली की दुकानात पहिला प्रश्न असतो, ‘किती ॲम्पिअरची?’ त्याआधी विचारायला हवं ते वेगळंच: आतल्या प्लेटा जाड आहेत की पातळ?

पण प्लेटांआधी त्यातलं शिसं पाहू, कारण खरी नवलाई तिथे आहे. फ्रान्सच्या गास्ताँ प्लाँते यांनी १८५९मध्ये ही बॅटरी बनवली आणि तिचं रसायन आजही तेच आहे. एक प्लेट शिशाची, दुसरी लेड डायऑक्साइडची, मध्ये सौम्य सल्फ्युरिक ॲसिड. वीज खर्च होत गेली की दोन्ही प्लेटांवर लेड सल्फेट धरतं आणि ॲसिडचं पाणी होऊ लागतं. चार्ज केलं की गाडी उलटी. एका कप्प्यातून साधारण २.१ व्होल्ट मिळतात, सहा कप्प्यांचे १२.६.

आता आवर्तसारणी आठवा. शिशाच्या डोक्यावर कथील बसलेलं असतं, गुणांनी त्याचंच भावंड. मग कथलाची अशी बॅटरी का होत नाही? २०११मध्ये शास्त्रज्ञ राजीव आहुजा, पेक्का प्युक्को आणि सहकाऱ्यांनी याचा हिशेब मांडला. शिशाच्या केंद्रात ८२ प्रोटॉन असतात. त्यांच्या ओढीने सर्वांत आतले इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या जवळजवळ ६० टक्के वेगाने धावतात. इतक्या वेगाला न्यूटनचं गणित पुरत नाही, आइन्स्टाइनची सापेक्षता लागते. आणि तिचा परिणाम पार बाहेरच्या इलेक्ट्रॉनांपर्यंत पोचतो. हिशेबाअंती निघालं असं, की कप्प्यातल्या २.१ व्होल्टपैकी १.७ ते १.८ व्होल्ट निव्वळ सापेक्षतेमुळे आहेत; हलक्या कथलाला हा टेकू मिळत नाही. पहाटे तांडेल सेल्फ मारतो तेव्हा इंजिनाला मिळणाऱ्या १२ व्होल्टपैकी दहाएक आइन्स्टाइनच्या खात्यातले! हे शाळेच्या पुस्तकात का नसावं, कोण जाणे.

असो, प्लेटांकडे येऊ. मोटारीच्या बॅटरीत प्लेटा पातळ आणि पुष्कळ असतात. ॲसिडला भिडायला भरपूर पृष्ठभाग, म्हणून दोन-चार सेकंदांत शेकडो ॲम्पिअरचा झटका. पण पातळ पोहे जसे झटकन भिजतात आणि तितक्याच झटकन त्यांचा लगदा होतो, तसंच इथे. सल्फेट शिशापेक्षा जास्त जागा व्यापतं, त्यामुळे प्रत्येक वेळी बॅटरी खोलवर रिकामी झाली की प्लेट फुगते, भरली की आकसते आणि तिचा चुरा तळाशी पडतो. रात्रभर दिवे आणि फिश-फाइंडर चालवायला मोटारीची बॅटरी लावली, तर ती लवकर गळपटते, आणि दोष मात्र कंपनीला जातो. खोलवर रिकामी होण्यासाठीच बनवलेल्या डीप-सायकल बॅटरीच्या प्लेटा जाड असतात. झटका कमी, दम जास्त.

घरच्या इन्व्हर्टरची ट्यूब्युलर बॅटरी दमाची असते, हे खरं. पण ती उंच, जड, शिवाय तिच्यात ॲसिड मोकळं असतं. होडी हेलकावली की ते सांडणार. त्याहून वाईट म्हणजे खारं पाणी कप्प्यात शिरलं तर मिठातलं क्लोरीन विषारी वायू होऊन बाहेर पडू शकतं. महायुद्धांतल्या पाणबुड्यांवर खलाशांना याचीच धास्ती असे. एजीएम बॅटरीत ॲसिड काचेच्या बारीक तंतूंच्या गादीत शोषलेलं असतं. ती आडवी झाली तरी सांडत नाही, डिस्टिल्ड वॉटर मागत नाही. तेलाजवळ कुठलीही बॅटरी कोंडून ठेवू नये, हे मात्र हिलाही लागू.

मग लिथियम? मोबाइलमधलं नव्हे, होडीला लिथियम आयर्न फॉस्फेट हवं. जॉन गुडइनफ यांच्या प्रयोगशाळेतून ते १९९७मध्ये पुढे आलं. २०१९मध्ये लिथियम-आयन बॅटरीवरच्या कामासाठी नोबेल मिळालं तेव्हा गुडइनफ ९७ वर्षांचे होते. यातला फॉस्फेट ऑक्सिजनला घट्ट धरून ठेवतो, त्यामुळे बॅटरी तापली तरी सहसा भडकत नाही. १०० ॲम्पिअर-तासांची शिशाची बॅटरी २५-३० किलोंची, ही १२-१३ किलोंची. किंमत मात्र चांगलीच जास्त.

हिशेब करून पाहा. एलईडी दिवे, फिश-फाइंडर, जीपीएस आणि ऐकत बसलेला व्हीएचएफ मिळून अडीच ॲम्पिअर धरा. दहा तासांच्या रात्रीला २५ ॲम्पिअर-तास लागले. शिशाची बॅटरी निम्म्याखाली उतरवू नये, म्हणून ती ५०-६०ची घ्यायची. लिथियमची ऐंशी टक्के बिनघोर वापरता येते, तिथे ३५-४० पुरते.

माझा कौल असा: इंजिन दोरी ओढून सुरू होत असेल तर ६०ची डीप-सायकल एजीएम घ्या. रोज रात्री समुद्रावर असाल आणि पैसा जमत असेल तर लिथियम, पण इंजिनाच्या चार्जिंगवर ती चालते का हे मेकॅनिककडून आधी पक्कं करा. सेल्फ असेल तर त्याला मोटारीसारखी पातळ प्लेटांची बॅटरी वेगळी द्या. दिव्यांची तार तिला लावूच नका.

आणि पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक होड्यांना १ जून ते ३१ जुलै मासेमारीबंदी असते, ते ६१ दिवस ध्यानात ठेवा. शिशाची बॅटरी रिकामी पडून राहिली की सल्फेटचे खडे घट्ट बसतात आणि मग चार्जरलाही दाद देत नाहीत. होडी वर ओढलीत की बॅटरी घरी आणा, पूर्ण भरा आणि जुलै लागताच पुन्हा एकदा चार्जिंगला लावा.