टिपणवही आपल्याच दप्तरी

वही ज्याच्या कपाटात, टिपण त्याच्या ताब्यात, असा कागदाच्या काळातील साधा व्यवहार होता. संगणकाच्या युगात ही स्थिती पालटली. आज अनेक जण आपली टिपणे ज्या सेवांमध्ये लिहितात, त्यांतील मूळ मजकूर दूरच्या एखाद्या कंपनीच्या संगणकावर साठविलेला असतो. इंटरनेटची जोडणी तुटली की स्वतःचेच टिपण हाती येणे कठीण होते. कंपनीने सेवा बंद केली तर ते कायमचे गमावण्याचाही संभव असतो.

या अडचणीवरील उपायास ‘लोकल-फर्स्ट’, म्हणजे ‘आधी आपल्या यंत्रावर’, असे नाव आहे. ‘इंक अँड स्विच’ या संशोधन संस्थेने २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात हे तत्त्व विस्ताराने मांडले आहे. मूळ प्रत वापरणाऱ्याच्या संगणकावर असावी. दूरच्या संगणकाचे काम जादा प्रत सांभाळण्याचे व देवाणघेवाणीस साहाय्य करण्याचे असावे, हे त्याचे सार होय.

निबंधाच्या कितीतरी आधी या विचाराशी जुळणारे एक साधन वापरात आले होते. ब्रिटनमधील जेरेमी रस्टन यांनी २००४ साली ‘टिडलीविकी’ ही टिपणवही प्रसिद्ध केली. ही संपूर्ण वही एकाच एचटीएमएल फाइलमध्ये मावते. टिपणांचा मजकूर आणि तो शोधणारी, मांडणारी आज्ञावली ही दोन्ही त्याच फाइलमध्ये असतात. ती ब्राउझरमध्ये उघडली की काम सुरू होते. त्यासाठी इंटरनेट लागत नाही. प्रत्येक लहान टिपणास ‘टिडलर’ म्हणतात. त्याला विषयवार खुणेचे शब्द लावता येतात आणि एका टिपणातून दुसऱ्याकडे जाणारा दुवा देता येतो. संगणकतज्ज्ञ एखादा बिघाड, त्याचे कारण आणि त्यावरील उपाय अशी टिपणे परस्परांशी जोडून ठेवू शकतो. ही आज्ञावली मुक्त परवान्याखाली विनामूल्य उपलब्ध आहे. देवनागरी मजकूरही तिच्यात लिहिता येतो.

तथापि, काही मर्यादा ध्यानात घेतल्या पाहिजेत. सुरक्षिततेसाठी ब्राउझर सामान्यतः एखाद्या पानाला संगणकावरील फाइल परस्पर बदलू देत नाही. त्यामुळे विशेष सोय केलेली नसल्यास प्रत्येक वेळी नवी प्रत उतरवून घ्यावी लागते आणि जुन्या-नव्या प्रतींत घोटाळा होऊ शकतो. इतर काही टिपणवह्या फाइलऐवजी ब्राउझरच्या अंतर्गत साठ्यात मजकूर ठेवतात. तो साठा पुसलाही जातो. सफारी ब्राउझरने २०२० साली असा नियम लागू केला की, ब्राउझर वापरात असूनही सात दिवस ज्या संकेतस्थळाकडे वापरणारा वळला नाही, त्याने तेथे साठविलेला मजकूर काढून टाकला जावा.

तात्पर्य, टिपण आपल्या यंत्रावर असणे ही निम्मीच हमी आहे. ताब्याबरोबर जतनाची जबाबदारीही वापरणाऱ्याकडे येते. फाइलच्या नावात दिनांक घालून तिची एक प्रत वेगळ्या डिस्कवर नियमाने ठेवावी आणि ती उघडते की नाही, हे अधूनमधून तपासावे. चोख दप्तर ठेवणाऱ्यास ही शिस्त नवी नाही.